अधूनमधून बिघडणारी स्क्रीन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लॅपटॉपच्या स्क्रीनवर क्षणभर आडव्या रेषा उमटणे, चित्र थरथरणे, रंगीत चौकोन पसरणे किंवा पडदा काळा होऊन पुन्हा उजळणे, असे दोष सतत टिकून राहत नाहीत आणि त्यामुळेच त्यांचे निदान अवघड होते. कारण जो दोष आपोआप नाहीसा होतो, त्याचे श्रेय त्याआधी जो काही उपाय केला गेला असेल त्याला आयते मिळते. या विषयातील बहुतेक गैरसमजांचा उगम अशा न कमावलेल्या श्रेयात आहे.

‘फॉरमॅट मारला की स्क्रीन ठीक होते’ ही त्यातली सर्वांत खर्चिक समजूत होय. पडद्यावरचे चित्र एका साखळीतून येते : प्रोग्राम काय दाखवायचे ते सांगतो, ड्रायव्हर, म्हणजे विंडोजसारखी यंत्रणा आणि ग्राफिक्स चिप यांच्यातील दुभाषी प्रोग्राम, ते चिपला कळवतो, चिप तयार चित्र स्मृतीच्या राखीव भागात, म्हणजे फ्रेमबफरमध्ये, मांडते आणि तेथून ते एका बारीक केबलमधून पॅनेलपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष काचेच्या पडद्यापर्यंत, पोहोचते. फॉरमॅटचा परिणाम यातील पहिल्या दोन कड्यांवरच होतो. लॅपटॉप सुरू होताना उत्पादकाचे बोधचिन्ह दिसते त्या वेळी किंवा बायोसच्या पडद्यावर विंडोजचा ड्रायव्हर अजून कामालाच लागलेला नसतो; म्हणून रेषा तेथेही दिसत असतील, तर फॉरमॅटने वेळ आणि बहुधा विदाही वाया जाते. मात्र याचा व्यत्यास खरा नाही : तेथे काही दिसले नाही म्हणून यंत्रभाग निर्दोष ठरत नाही, कारण त्या वेळी चिपवर भारच नसतो.

दोष पडद्यात आहे की त्याच्या अलीकडे, हे ठरवण्यासाठी साधा स्क्रीनशॉट पुष्कळदा पुरतो, तरीही दुरुस्तीच्या दुकानात तो क्वचितच मागितला जातो. स्क्रीनशॉट पॅनेलचा फोटो नसून स्मृतीतल्या चित्राची प्रत असते. तो मोबाइलवर पाहिला असता रेषा तेथेही दिसल्या, तर बिघाड केबलच्या अलीकडे, म्हणजे प्रोग्राम, ड्रायव्हर, चिप किंवा स्मृती यांत आहे, आणि रेषा नसतील तर केबल व पॅनेल यांवरचा संशय बळावतो. बाहेरचा मॉनिटर जोडून पाहण्याची प्रचलित कसोटीही उपयोगी आहे, पण ती वाटते तितकी निर्णायक नाही. अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधील अंगभूत आणि वेगळी बसवलेली अशा दोन ग्राफिक्स चिप असतात, आणि स्वतःचा पडदा एकीला तर एचडीएमआयचे छिद्र दुसरीला जोडलेले असू शकते. अशा यंत्रात बाहेरचा मॉनिटर स्वच्छ दिसला, याचा अर्थ कदाचित इतकाच की दुसरीच चिप तपासली गेली.

झाकण हलवले की चित्र बदलते, याचा अर्थ ‘डिस्प्ले गेला’ असा सर्रास लावला जातो. वास्तविक पॅनेलची केबल बिजागरीतून जाते आणि झाकणाच्या प्रत्येक उघडझापीला वाकते. दोष झाकणाच्या विशिष्ट कोनातच दिसत असेल, तर पॅनेल बदलण्यापूर्वी केबल आणि तिची जोडणी तपासणे शहाणपणाचे असते. मॅकबुक प्रोच्या 2016 च्या आवृत्तीत ही केबल आखूड असल्याने झिजत असे, प्रथम पडद्याच्या तळाशी प्रकाशाचे पट्टे दिसत आणि पुढे झाकण एका कोनापलीकडे उघडताच मागचा प्रकाशच बंद पडे. अॅपलने 2019 च्या मे महिन्यात 13 इंची आवृत्तीसाठी विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली, तर 2018 च्या आवृत्तीतील केबल सुमारे 2 मिलिमीटर लांब असल्याचे यंत्र उघडून पाहणाऱ्यांना आढळले. एवढ्याशा फरकाने दोष टळतो किंवा घडतो.

उष्णतेविषयीची समजूत अर्धी खरी आहे. लॅपटॉप तापतो म्हणून चिप ‘जळते’ असे मानले जाते. परंतु पुष्कळदा घातक ठरतो तो तापणे आणि निवणे यांचा वारंवार होणारा फेरा, कारण चिप आणि तिच्याखालची पट्टी सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत आणि त्यांना जोडणाऱ्या झाळकामाच्या सूक्ष्म थेंबांना हळूहळू तडे जातात. एनव्हिडियाने 2008 च्या जुलैमध्ये लॅपटॉपसाठीच्या काही चिपच्या वेष्टनातील कमकुवत सामग्रीमुळे 15 ते 20 कोटी डॉलरचा खर्च जाहीर केला, ते प्रकरण याच जातीचे होते. अशी चिप गरम हवेने तापवली असता तडे तात्पुरते सांधले जाऊ शकतात आणि यंत्र काही काळ नीट चालते. हा ‘इलाज’ लोकप्रिय झाला त्याचे कारणही बहुधा तेवढ्या काळात दडलेले आहे.

‘ड्रायव्हर जितका नवा तितका चांगला’ हेही सरसकट खरे नाही. दोष एखाद्या अद्यतनानंतर लगेच सुरू झाला असेल, तर आधीच्या आवृत्तीकडे परतणे किंवा लॅपटॉपच्या उत्पादकाने दिलेला ड्रायव्हर बसवणे अधिक फलदायी ठरते. विंडोजमध्ये चिपने साधारण 2 सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर यंत्रणा ड्रायव्हर स्वतःच पुन्हा सुरू करते, आणि तेव्हा पडदा क्षणभर काळा होतो. इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 4101 क्रमांकाची नोंद सापडली, तर काळ्या पडद्याचे स्पष्टीकरण बरेचसे तेथेच मिळते, पण चिप का अडखळली याचे उत्तर ती नोंद देत नाही. अंगभूत चिप मुख्य रॅमचाच काही भाग वापरते, त्यामुळे रंगीत चौकोनांचे मूळ सदोष रॅममध्येही असू शकते आणि रात्रभर चालवलेली रॅमची चाचणी मदरबोर्ड बदलण्याचा खर्च वाचवू शकते.

काही थरथर तर बिघाडच नसते. पुष्कळ पॅनेलांत प्रकाश कमी करण्यासाठी दिवे अतिशय वेगाने चालू-बंद केले जातात, म्हणून प्रखरता कमी असताना मोबाइलच्या कॅमेऱ्यात सरकते पट्टे दिसतात. चार्जर काढल्यावरच स्थिर चित्र थरथरत असेल, तर वीज वाचवण्याच्या एका सोयीकडे पाहावे : चित्र बदलत नसताना पॅनेल स्वतःच्या स्मृतीतले जुने चित्र दाखवत राहते आणि चिप विश्रांती घेते, पण काही यंत्रांत ही देवाणघेवाण चुकते. इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘पॅनेल सेल्फ रिफ्रेश’ या नावाने ती बहुधा बंद करता येते, आणि त्याची किंमत बॅटरी थोडी लवकर उतरणे एवढीच असते.