गुलबक्षीचा ताटवा

सकाळी उमललेली जास्वंद मिटू लागते, तेव्हा गुलबक्षीचा दिवस उजाडतो. चार-पाचच्या सुमारास तिच्या कळ्या उलगडतात आणि अंधार पडताच कुंपणाच्या कडेने मंद सुवास दरवळू लागतो. दुसऱ्या दिवशी ऊन चढले, की ती फुले कोमेजून जातात.

ही वेळ अकारण ठरलेली नाही. फुलाची नळी लांब व अरुंद असते आणि मध तिच्या तळाशी असतो. तेथवर मधमाशीची सोंड पोहोचत नाही. संध्याकाळी हिंडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांची पोहोचते. अंधारात सुवास हे त्यांना आमंत्रण. माणूस या मेजवानीतील आगंतुकच म्हणावयाचा!

हे झाड मूळचे अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाचे. एका फुलात एकच बी धरते. ते काळे, सुरकुतलेले, हुबेहूब मिऱ्यासारखे असते. परंतु ते विषारी असल्याने तोंडात घालू नये. पावसाळ्याच्या आरंभी बी रात्रभर भिजत घालावे आणि वाफ्याच्या कडेला हातभर अंतरावर, अर्धा इंच खोल पेरावे. एक-दोन आठवड्यांत ते रुजते व त्याच हंगामात फुलते. मुळाशी पाणी मात्र साचू देऊ नये. जमिनीत गाजरासारखा जाड कंद वाढत असतो, तो कुजतो. पुढे उन्हाळ्यात वरचा पाला वाळला, तरी झाड मेले असे समजून उपटू नये. पाऊस पडताच कंदाला नवे कोंब फुटतात.

गुलबक्षी या नावाचा एक रंगच मराठीत आहे. तरीही ही फुले पांढरी, पिवळी, तांबडी, क्वचित दुरंगीही असतात. मेंडेलचे विस्मृतीत गेलेले आनुवंशिकतेचे नियम 1900 साली ज्यांनी पुन्हा उजेडात आणले, त्यांपैकी कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने गुलबक्षीवर प्रयोग केले. तांबड्या व पांढऱ्या फुलांच्या संकरातून गुलाबी फुले निपजली. त्या गुलाबी झाडांचे बी पेरले, तेव्हा सरासरीने चारांत एक झाड तांबडे, दोन गुलाबी व एक पांढरे निघाले. आजोबांचा रंग नातवाकडे आला! म्हणून ज्याला तीच गुलाबी गुलबक्षी पुढील वर्षीही हवी असेल, त्याने बियांवर न विसंबता तिचा कंद जपून ठेवावा.