ऊब कुणाला, झळ कुणाला?

पृथ्वी तापते आहे, हे आता शाळेतली पोरेही सांगतात. या तापण्याचा कुणाला फायदाही होतो का? होतो. तो नाकारून चालणार नाही. आम्ही कचेरीत दिवसभर वह्या लिहिणारी माणसे. जमेची बाजू झाकली तर हिशेब जुळत नाही, तसा नावेची बाजू झाकूनही जुळत नाही.

रशियाचे उदाहरण घ्या. २००३ साली मॉस्कोतील हवामान परिषदेत राष्ट्राध्यक्ष पुतिन अर्ध्या गमतीने म्हणाले, की तापमान दोन-तीन अंशांनी वाढले तर बरेच. गरम कोटांचा खर्च वाचेल आणि धान्यही जास्त पिकेल. यात तथ्य नव्हते असे नाही. थंडी ओसरली की घर उबदार ठेवायला इंधन कमी लागते, पेरणीला जास्त दिवस मिळतात, उत्तरेच्या समुद्रातले बर्फ हटून जहाजांना वाट मिळते. ही झाली जमेची बाजू.

पुढे सातच वर्षांनी, २०१० च्या उन्हाळ्यात, मॉस्कोत पारा ३८ अंशांवर गेला. जंगले पेटली. उष्णतेने आणि धुराने सुमारे ५५ हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. आदल्या वर्षी ९ कोटी ७० लाख टन धान्य पिकले होते, ते ६ कोटी १० लाख टनांवर आले. १५ ऑगस्टपासून रशियाने गव्हाची निर्यात बंद केली. जगाच्या बाजारात भाव भडकले. रशियाच्या गव्हावर विसंबलेल्या इजिप्तला महाग गहू दुसरीकडे शोधावा लागला. पीक जळाले रशियात, चटका बसला परक्या चुलीला!

त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या शेजारच्या अहमदाबादेत ४६.८ अंश तापमान झाले. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त मेली. असे ऊन सर्वांत आधी कुणाला गाठते? बिगाऱ्याला, सफाई कामगाराला, हातगाडी ओढणाऱ्याला, पत्र्याच्या खोलीतल्या बाळंतिणीला. ज्यांच्या घरी ना मोटार ना एसी, त्यांच्याच नावे हा खर्च पडतो. फायदा एकाच्या खात्यावर आणि देणे दुसऱ्याच्या, याला हिशेब म्हणत नाहीत, अन्याय म्हणतात.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचा तंटा आहे. युद्धाने प्रश्न सुटणार नाही, दोन्हीकडचे पंच नेमून निवाडा करा, असे सिद्धार्थाने सांगितले. आपल्या बाजूला पाणी मिळाले म्हणजे न्याय झाला, असे त्याने मानले नाही. हवा तर साऱ्या जगाची एकच आहे.

मग आपण काय करावे? अहमदाबादने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली. आधी इशारा, दवाखान्यांत तयारी, जागोजागी पिण्याचे पाणी, वस्तीतल्या छतांना पांढरा रंग. हे आपल्या वस्तीतही व्हावे, म्हणून नगरसेवकाकडे आणि पालिकेकडे लेखी मागणी करा. दुपारी विहाराचे दार उघडे ठेवा, आत पाण्याचा माठ भरून ठेवा. कुणाला चक्कर आली, अंग तापले, तर सावलीत न्या, अंग ओले करा, उशीर न लावता दवाखाना गाठा.

बंधू-भगिनींनो, "थोडी उष्णता वाढली तर काय बिघडले?" असे कुणी म्हटले, तर त्याला एकच विचारा: नावेची बाजू कुणाच्या खात्यावर टाकलीत?