बंपरखालचा पत्रा: समजुती आणि वस्तुस्थिती

नव्या गाडीच्या माहितीपत्रकात ‘फ्रंट स्किड प्लेट’ असं ठळक छापलेलं असतं आणि शोरूममध्ये बंपरच्या खालच्या कडेला चंदेरी पट्टी चमकत असते. शहरी वापराच्या बहुतेक एसयूव्हींमध्ये ही पट्टी म्हणजे रंग दिलेलं प्लास्टिक असतं. बोटाने टिचकी मारा, आवाज ऐकूनच कळेल. दगडाला गाडी टेकली तर सगळ्यात आधी मोडेल ती हीच. पहिला गैरसमज असा कंपन्यांनीच पसरवलेला आहे, तेव्हा त्याबद्दल गाडी घेणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

खरी स्किड प्लेट म्हणजे धातूचा जाड पत्रा. तो बंपरच्या पोटाखालून सुरू होतो, तिरका मागे उतरतो आणि रेडिएटरचा तळ, स्टिअरिंगचे दांडे व गाडीगणिक कमी-अधिक प्रमाणात इंजिनचा चेंबर झाकतो. दगडाचा मार स्वतः झेलून चासीकडे पोचवायचा आणि गाडीला अडकू न देता दगडावरून घसरत पुढे जाऊ द्यायचं, एवढंच त्याचं काम. गाडीची उंची तो वाढवत नाही. वाईट बसवला तर कमीच करतो. पाच दारांच्या जिम्नीचा पुढचा चढाव-कोन कंपनी ३६ अंश सांगते. चाक जिथे जमिनीला टेकतं तिथून ६०० मिलिमीटर पुढे असलेली बंपरची कड पत्र्यामुळे २५ मिलिमीटर खाली आली, तर ढोबळ हिशेबाने या कोनातला दीड अंश गेला. नाल्याच्या काठावर तेवढ्यानेही फरक पडतो.

सगळ्यात जास्त वाद होतात ते जाडीवरून. ‘जितका जाड तितका भारी’ हे वाक्य कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकू येतं. त्यात गेजचा घोळ असतोच. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: १० गेज म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिमीटर, १४ गेज म्हणजे जेमतेम दोन. ‘चौदा गेजचा दणकट पत्रा टाकून देतो’ असं कोणी म्हणालं, तर खिशातून व्हर्नियर काढावा.

जाडीचं खरं गणित मात्र मजेदार आहे. वजन जाडीच्या प्रमाणात वाढतं, पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ३ ऐवजी ४ मिलिमीटरचा पोलादी पत्रा घेतला, तर वजन एक-तृतीयांशाने वाढतं आणि ताठरपणा जवळजवळ २.४ पट होतो. मग ६ मिलिमीटर का नको? कारण ८०० बाय ५०० मिलिमीटरचा पत्रा ३ मिलिमीटर जाडीत साडेनऊ किलोच्या आत येतो, ६ मिलिमीटरला तोच १९ किलोच्या घरात जातो. हा सगळा भार पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकणार. शिवाय ताठरपणा मिळवायचा याहून स्वस्त मार्ग आहे: पत्र्याच्या दोन्ही कडा बेंडिंग मशीनवर वर दुमडणं आणि मधे एखादी घडी देणं. घड्या घातलेला तीन मिलिमीटरचा पत्रा सपाट चार मिलिमीटरच्या पत्र्याला सहज भारी पडू शकतो. माझ्या मते फॅब्रिकेटरची पारख करायची ती या घड्यांवरून. सपाट तुकडा कापून चार भोकं पाडणारा माणूस पत्रा विकतो, संरक्षण नाही.

‘ॲल्युमिनियम म्हणजे डब्याचं झाकण’ अशीही एक समजूत पक्की आहे. ॲल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश असते, हे खरं. पण त्याची घनताही तेवढीच कमी: २.७, तर पोलादाची ७.८५. घनाचा नियम इथे ॲल्युमिनियमच्या बाजूने काम करतो. तीन मिलिमीटर पोलादाइतका ताठरपणा सव्वाचार मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये मिळतो आणि वजन निम्म्यावर येतं. सहा मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा तर तीन मिलिमीटरच्या पोलादापेक्षा पावणेतीन पटींहून ताठ आणि तरीही हलका ठरतो. त्याचा खरा दोष निराळा आहे. तो मऊ असल्यामुळे सह्याद्रीतल्या काळ्या बेसॉल्टची धार त्यात रुतते, पत्रा ओरखडतो आणि गाडी जिथे घसरायला हवी तिथे अडते. पोलादाचा पृष्ठभाग कडक असतो, तो सरकून जातो. सतत खडकांवर चढणाऱ्याने पोलाद घ्यावं. बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावर आणि अधूनमधून कच्च्या वाटेवर असेल तर ॲल्युमिनियम पुरे. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियमचा पत्रा आणि लोखंडी चासी थेट एकमेकांना भिडली, की गंजाची विद्युत-रासायनिक प्रक्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. मधे रबर किंवा नायलॉनचे वायसर घातले की प्रश्न बराचसा मिटतो.

पण पोलाद की ॲल्युमिनियम यापेक्षा पत्रा कशाला बोल्ट केला आहे हे महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही. बाजारातले काही पत्रे पुढे रेडिएटरच्या सपोर्टला आणि मागे प्लास्टिक कव्हरच्याच भोकांत सेल्फ-टॅपिंग स्क्रूने अडकवलेले असतात. खालून दणका बसला की असा पत्रा सपोर्टला मागे ढकलतो आणि रेडिएटरच फोडतो. म्हणजे पत्राच नसता तर बरं झालं असतं. बोल्ट चासीच्या दोन लांब दांड्यांत किंवा क्रॉस मेंबरमध्ये, शक्यतो कंपनीने आधीच दिलेल्या आटेदार भोकांत बसले पाहिजेत. सोय व्हावी म्हणून चासीला नवी भोकं पाडू नयेत, वेल्डिंग तर नकोच.

बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ हा शिक्का पाहून घ्यावा. पहिला आकडा ताणशक्ती सांगतो, सुमारे ८०० मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. अशा ८ मिलिमीटरच्या बोल्टला सर्वसाधारणपणे २५ न्यूटन-मीटर आणि १० मिलिमीटरच्या बोल्टला ५० च्या आसपास टॉर्क पुरतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. लांब पान्याने ‘अजून अर्धा फेरा’ देण्याच्या सवयीने आटे जातात. बोल्टची डोकी पत्र्याच्या खोबणीत बसायला हवीत, नाहीतर पहिलाच दगड ती तासून काढतो आणि पुढे पत्रा काढायला ग्राइंडर लागतो. बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने चार-चार आटे फिरवून घ्यावेत आणि मगच आवळावेत. एकच कोपरा आधी आवळला की शेवटचं भोक हमखास जुळत नाही. चेंबर आणि पत्रा यांच्यात बोटभर तरी जागा हवी, कारण दणका बसला की पत्रा वर वाकणारच. आणि हे काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. स्टँड लावायचे.

‘हे तर बेकायदा आहे ना?’ हा प्रश्न बुल बारवरून आला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१७ रोजी राज्यांना पत्र लिहून क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन असल्याचं कळवलं. बंपरच्या पुढे आलेल्या लोखंडी नळ्या पादचाऱ्याला घातक असतात, तसंच गाडीने धक्का कसा शोषायचा याचं गणितही बिघडवतात. स्किड प्लेट बंपरच्या खाली आणि मागे असते. कलम ५२ मध्ये फेरफार याचा अर्थच गाडीचं मूलभूत स्वरूप बदलणारा रचनाबदल असा दिला आहे. पण ‘स्किड प्लेटचा सेट’ म्हणून कोणी मूळ बंपर काढून अख्खा पोलादी बंपर चढवत असेल, तर ते प्रकरण निराळं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीलाही लेखी कळवलेलं बरं.

‘पत्र्यामुळे एअरबॅग बिघडते का?’ या प्रश्नाचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. एअरबॅगचा संगणक गाडीचा वेग किती झपाट्याने घटला हे मोजतो, पत्र्याशी त्याचं वैर नाही. मात्र बंपरमागे चासीच्या टोकाला चुरगळण्यासाठी मुद्दाम ठेवलेला भाग असतो. पत्र्याचा ब्रॅकेट त्या भागाला बांधला, तर तो हवा तेव्हा चुरगळणार नाही. क्रॅश टेस्ट कारखान्यातून आलेल्या गाडीची झालेली असते, तुमच्या ब्रॅकेटसकट नव्हे. म्हणून ब्रॅकेट त्या चुरगळणाऱ्या भागाच्या मागे हवा.

‘पत्रा लावला की इंजिन तापतं’ यात तथ्य आहे, पण कारण वेगळं. तापवतो तो पत्र्यावर साचून रेडिएटरच्या तळाशी वाळलेला चिखल. पाणी आणि माती निघून जाईल अशा फटी पत्र्याला हव्यात, आणि पावसाळी फेरीनंतर खालून पाण्याचा फवारा मारायला हवा. दिवाळीच्या सुमारास डोंगरउतारावरचं गवत वाळतं, तेव्हा याहून मोठा धोका असतो. डिझेल गाड्यांतला काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करताना आतून सुमारे ६०० अंशांपर्यंत तापतो. पत्र्यात अडकलेलं कोरडं गवत जवळच्या एक्झॉस्टला लागलं तर पेट घेतं. ऑस्ट्रेलियात अशा आगींनी गाड्या जळाल्या आहेत.

एक तक्रार मात्र निव्वळ गैरसमजातून येते. ऑइल बदलल्यावर दोन-तीन दिवस गाडीखाली थेंब पडतात आणि मालक म्हणतो, पत्र्याने चेंबर फोडला. चेंबरचा बोल्ट काढला की ऑइलची धार आधी लांब पडते आणि जोर ओसरला की सरळ खाली येते. पत्र्याचं भोक गोल आणि लहान असेल तर शेवटची धार पत्र्यावर सांडते आणि मग कडेने ठिबकत राहते. भोक धारेच्या दिशेने लांबट करून घ्यावं, त्यासाठी गॅरेजात दहा मिनिटंही लागत नाहीत.