तुडतुडा, ट्राउट आणि आपला रानकोंबडा

हातात बारीक दोरा, समोर जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा हुक. यातून तुम्हाला मुंगी बनवायची आहे आणि ती बघून मासा फसला पाहिजे. जमेल?

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत. पिसं, दोरा, लोकर वापरून हुकवरच नकली कीटक बांधतात. तीच 'फ्लाय'. जुन्या फ्लाय बहुतेक पाण्यात जन्मणाऱ्या कीटकांच्या नकला. पण उन्हाळ्याच्या दुपारी वारा सुटला की काठावरच्या मुंग्या, नाकतोडे, भुंगेरेही पाण्यात पडतात. ट्राउट माशासाठी ही तर घरपोच डिलिव्हरी! या जमिनीवरच्या कीटकांच्या नकलांना 'टेरेस्ट्रियल' म्हणतात.

पोटावर झोपून रिसर्च

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात, कार्लाइल गावाजवळ लेटॉर्ट हा झऱ्यांच्या पाण्यावर वाहणारा ओढा आहे. तिथे व्हिन्सेंट मॅरिनारो आणि चार्ल्स फॉक्स या दोन मित्रांना कोडं पडलं. पाण्यावर कीटक दिसत नाहीत, मग ट्राउट वर येऊन टिपतायत तरी काय? मॅरिनारो काठावर चक्क पोटावर आडवे झाले आणि पाण्याकडे बघत राहिले. उत्तर तरंगतच होतं: बारीक मुंग्या आणि 'जॅसिड'. म्हणजे आपल्या कपाशीवर पडतात ते तुडतुडे!

एवढासा कीटक बांधायचा कसा? इथे मॅरिनारोंनी विचारच उलटा केला. मासा खालून बघतो. किडा किती जाड आहे हे त्याला कळत नाही, दिसते ती फक्त बाह्यरेषा. मग शरीर हवंय कशाला? दोऱ्यावर थोडं पीस गुंडाळायचं, वरून-खालून कातरायचं आणि पाठीवर एकच छोटं पीस आडवं बसवायचं. झाला तुडतुडा! १९५० मध्ये आलेल्या 'अ मॉडर्न ड्राय फ्लाय कोड' या पुस्तकात त्यांनी ही सगळी शोधाशोध मांडली.

पीस आलं कुठून?

खरी गंमत पुढेच आहे. पाठीवरचं ते पीस होतं 'जंगल कॉक'चं, म्हणजे आपल्या राखी रानकोंबड्याचं. कोयना, राधानगरीच्या जंगलात पहाटे ज्याची बांग ऐकू येते, तोच हा. नराच्या मानेवरच्या पिसांना मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. फ्लाय बांधणारे या पिसांवर फार आधीपासून फिदा होते आणि त्याची किंमत पक्ष्यांनी मोजली. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याची शिकार गुन्हा आहे. परदेशात आता पाळलेल्या पक्ष्यांची किंवा कृत्रिम पिसं वापरतात.

तसंही पिसावाचून काही अडत नाही. काळ्या फोमची पट्टी हुकच्या मागच्या टोकाला बांधा, पुढे दुमडा, पुन्हा बांधा, उरलेली कापा. भुंगेरा तयार! मुंगीसाठी दोऱ्याचे दोन फुगीर गोळे पुरतात, फक्त मधली कंबर बारीक ठेवा. कंबरच जाड झाली तर खालून बघणाऱ्याला ती मुंगी वाटणारच नाही.

आणि हो, सह्याद्रीत ट्रेकला गेल्यावर वाटेत असं ठिपकेदार पीस दिसलं, तर फोटो बिनधास्त काढा. पीस मात्र तिथेच राहू द्या.