लिव्हरमधील चरबी रक्ताच्या रिपोर्टात कशी वाचावी?



बेलापूर म्हटले की जुन्या सभासदांना हरेगावची बेलापूर कंपनी आठवते. पण आजचा विषय आला आहे नवी मुंबईच्या सीबीडी बेलापूरहून. कोकण भवन, सिडको भवन आणि आसपासच्या कचेऱ्यांत आपल्या सभासदांची मुले नोकरीला आहेत. ती आईवडिलांना तिकडे नेऊन रक्त तपासून घेतात. मग ऊस नोंदणीला आलेले सभासद पिशवीतून तो कागद काढतात आणि विचारतात, "साहेब, हे एसजीपीटी म्हणजे काय हो?" औषधपाणी हे डॉक्टरांचे काम. पण कागद समजून घेतला, तर डॉक्टरांना नेमके विचारता येते, म्हणून हा लेख.

लिव्हर म्हणजे यकृत. मोठ्या माणसाचे यकृत साधारण दीड किलोचे असते. अन्नातून आलेली जादा साखर आणि पिष्ट यांची ते चरबी बनवते आणि ती रक्तातून बाहेर धाडते. कारखान्यात गाळप जास्त आणि उचल कमी झाली की गोदाम तुंबते ना, तसेच हे. चरबी ५ टक्क्यांच्या वर साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही.

आता रिपोर्ट पाहू. ट्रायग्लिसराइड म्हणजे बाहेर धाडलेली चरबी. उपाशीपोटी ती १५० च्या आत असावी. एचडीएल हे चांगले कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या व स्त्रीत ५० च्या खाली नसावे. पहिले वर आणि दुसरे खाली असेल, तर लिव्हरकडे लक्ष द्यावे. एसजीपीटी व एसजीओटी ही पेशींच्या आतली द्रव्ये. पेशीला इजा झाली की ती रक्तात येतात. मात्र एसजीओटी स्नायूंतही असते, त्यामुळे आदल्या दिवशी जड कष्ट केले असतील तरी आकडा वाढतो. ते तपासणाऱ्याला सांगावे. दारू पिणाऱ्याचे एसजीओटी बहुधा एसजीपीटीच्या दुपटीवर जाते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. नुसता ब्रिक्स चांगला म्हणजे रिकव्हरी चांगली असे आपण धरत नाही. तसेच एसजीपीटी ठीक म्हणजे लिव्हर ठीक, असे नव्हे. चरबी असूनही ते नॉर्मल राहू शकते. म्हणून फिब-४ नावाचा हिशेब करतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, याने भागायचे. समजा वय ४५, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट २ लाख. १८०० भागिले १६०० म्हणजे १.१२. १.३ च्या आत असेल तर लिव्हरमध्ये घट्टे पडल्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे जावे. चरबी किती आहे हे मात्र यातून कळत नाही, त्यासाठी सोनोग्राफी. पस्तिशीच्या आत हा हिशेब भरवशाचा नाही, आणि पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात.

"मी तर काटकुळा, मला कशाला?" असे म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखे, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणून काट्यापेक्षा टेप बरा. कंबर पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

आता अवघड बोलणे. साखर आपली भाकरी आहे, पण खरे ते सांगितलेच पाहिजे. साखर निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज. फ्रुक्टोजचा बहुतेक भार लिव्हरवरच पडतो आणि जादा झाले की त्याची चरबी होते. गूळ आणि काकवीतही मुख्यतः हीच साखर, तेव्हा "गुळाचा चहा चालतो" हा गैरसमज. पोल १५ असलेल्या रसाच्या २०० मिलीच्या ग्लासात सुमारे ३० ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिवसाला ५० ग्रॅमची मर्यादा सुचवली. २५ च्या आत राहिल्यास अधिक चांगले. दोन चमच्यांचे सहा चहा झाले की ही मर्यादा संपली.

बरी गोष्ट अशी, की ही चरबी उतरते. जाड माणसाने वजन ५ टक्के घटवले तरी ती कमी होऊ लागते. ७ ते १० टक्के घटवल्यास सूजही उतरते. म्हणजे ८० किलोच्या माणसाने आधी ४ किलो उतरवावेत. गोड आणि तळलेले कमी, दारू बंद, आणि रोज अर्धा तास झपझप चालणे. मोटारसायकलवरून बांधाला चक्कर मारणे यात धरू नये.

केंद्र सरकारने २०२१ साली फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे. तेव्हा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अवश्य विचारा. मातीपरीक्षणाचा कागद पाहून आपण खताचा डोस ठरवतो. रक्ताचा कागदही तसाच वाचावा, आणि उसाच्या नोंदीबरोबर त्याचीही नोंद वर्षाच्या वर्षाला ठेवावी.

— ऊस विकास अधिकारी