लग्न लहानच बरं

कोरोनातल्या बऱ्याच गोष्टी गेल्या, बरं झालं. लहान लग्न मात्र जायला नको होतं. 2020 मध्ये 50 माणसांची परवानगी होती. एप्रिल 2021 मध्ये तर 25 माणसं अन् 2 तास. तरी लग्नं लागलीच ना! आता केशोरीत पुन्हा मोठ्या पंगती.

ताट 100 रुपयांचं धरा. 500 पाहुण्यांचे 50,000, पन्नासांचे फक्त 5,000. वरचे 45,000 गटातून महिना 2 टक्क्यांनी उचलले, तर पहिल्याच महिन्याचं व्याज 900. धान-मिरचीच्या पैशातून तेच फेडत बसायचं.

पाहुणे रुसतील म्हणता? तेव्हा सरकारी नियमाचं नाव सांगता येत होतं. आता गटाच्या ठरावाचं सांगा. पुढच्या बैठकीत लग्नाच्या कर्जाचा अर्ज आला, की आधी पाहुण्यांची यादी मागा.