होडीवर नजर ठेवणारा कॅमेरा: मोबाईलवर तुम्हालाच दिसावा, दुसऱ्याला नाही



१ जून ते ३१ जुलै आपल्या गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. ट्रॉलर धक्क्याला बांधलेले, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवलेल्या, जाळी आणि मशीन खोपीत. खलाशी गावाला गेलेले. वर मुसळधार पाऊस, रात्री लाईट जाते आणि धक्क्यावर माणूस नसतो. आउटबोर्ड मशीन लाखाच्या पुढचं, बहुतेकांचं कर्जावर घेतलेलं. ते गेलं तर ऑगस्टचा पहिला फेराच चुकतो. म्हणून घरबसल्या मोबाईलवर दिसणारा कॅमेरा कसा लावायचा, हे बरेचजण कार्यालयात येऊन विचारतात. सगळ्यांना एकदम कळावं म्हणून इथे सविस्तर लिहितो. घरात कॉलेजात जाणारी मुलं असतील तर त्यांनाही वाचायला द्या.

आधी जागा, मग कॅमेरा

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट बघा. जिथे कॅमेरा लावायचा तिथे वीज आहे का आणि इंटरनेट कुठून येणार?

१) खोप घराला लागून असेल तर घरातलं वायफाय चालतं. बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, ५ चं पकडत नाहीत. राऊटरवर दोन नावं दिसत असतील तर २.४ वालं निवडा. कॅमेरा "कनेक्ट होत नाही" म्हणून परत नेण्याआधी हे तपासा.

२) घरापासून १०० मीटरच्या आत असेल तर नेटवर्कची केबल ओढणं सगळ्यात भरवशाचं. पीओई प्रकारच्या कॅमेऱ्याला वीज आणि चित्र दोन्ही त्याच एका केबलमधून जातं. १०० मीटरच्या पुढे ही केबल साधारण चालत नाही.

३) धक्क्यावर किंवा लांब किनाऱ्यावर सिम कार्ड घालायचा ४जी कॅमेरा लागतो. वीज नसेल तर सोलरवाला घ्यावा, पण जून-जुलैत ऊन किती मिळतं ते आपल्याला माहीत आहे. बॅटरी मोठी असलेलाच घ्या.

धक्का सरकारी असतो. तिथल्या खांबाला कॅमेरा ठोकण्याआधी लेखी परवानगी घ्या, नाहीतर उद्या काढायला लावतील.

लांबून दिसतं ते कसं

हा भाग नीट समजून घ्या, कारण फसवणूक आणि धोका दोन्ही इथेच आहेत.

घरातल्या राऊटरने कॅमेऱ्याला दिलेला नंबर १९२.१६८ ने सुरू होतो. तो नंबर फक्त घराच्या आत चालतो. बाहेरून कोणी त्या नंबरावर हाक मारली तर ती पोचत नाही. मोबाईल सिमवर तर कंपनी शेकडो ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देते, म्हणून बाहेरून थेट तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत येणं जवळजवळ अशक्यच.

मग ॲपमध्ये दिसतं कसं? बाहेरून आत येता येत नसलं तरी आतून बाहेर हाक मारता येते. कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला हाक मारून जोडलेला राहतो. तुमचा मोबाईलही त्याच सर्व्हरकडे जातो. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. कॅमेऱ्याच्या खाली चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करता तेव्हा हेच होतं. त्या कोडचा फोटो व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नका.

दुसरी पद्धत म्हणजे पोर्ट फॉरवर्ड. काही फिटिंगवाले फायबरच्या राऊटरवर हे करून देतात. याचा अर्थ राऊटरच्या भिंतीला कायमचं दार पाडायचं. त्या दारातून तुम्ही आत येता, तसा जगातला कोणीही येऊन कडी वाजवू शकतो. अशी दारं शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालूच असतात. २०१६ साली "मिराई" नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर याच रस्त्याने ताब्यात घेतले. त्याला काही मोठी चलाखी लागली नाही. कंपनीने घातलेला पासवर्ड मालकांनी बदललाच नव्हता, एवढंच पुरलं.

म्हणून पोर्ट फॉरवर्ड नको. ॲपची पद्धत पुरेशी आहे. एका मालकाचे पुष्कळ कॅमेरे आणि रेकॉर्डर असेल, तर जाणकाराकडून व्हीपीएन बसवून घ्या.

लावून घेताना स्वतः उभे राहा

– ॲपमधलं खातं तुमच्याच मोबाईल नंबरवर उघडा. बऱ्याच कंपन्यांचा कॅमेरा पहिल्या खात्याला बांधला जातो. फिटिंगवाल्याच्या नंबरवर उघडलात तर मालक तो, पाहुणे तुम्ही.
– पासवर्ड तिथेच बदला. होडीचं नाव किंवा नोंदणी नंबर ठेवू नका, तो होडीच्या कुशीवर रंगवलेला सगळ्यांना दिसतो. वायफायचा पासवर्ड वेगळा ठेवा.
– मुलाला, भावाला, तांडेलाला दाखवायचं असेल तर पासवर्ड सांगू नका. ॲपमधून "शेअर" करा. हंगाम संपून माणूस बदलला की त्याचं नाव काढून टाका.
– ॲपने अपडेट मागितलं तर करा. त्यात कॅमेऱ्याची भोकं बुजवलेली असतात.
– शेवटी परीक्षा घ्या. मोबाईलचं वायफाय बंद करून फक्त मोबाईल डेटावर ॲप उघडा. चित्र आलं तरच लांबून दिसणार. ही परीक्षा झाल्यावरच पैसे द्या.

नवीन कॅमेरा घेताना दुकानदाराला एसटीक्यूसी तपासणीबद्दल विचारा. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षेसाठी २०२४ साली नियम काढले आणि ते एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. जुना साठा स्वस्तात मिळतो म्हणून घाई नको.

डेटा किती खातो

दोन मेगापिक्सलचा कॅमेरा चांगल्या चित्राला साधारण २ एमबीपीएस वापरतो, म्हणजे तासाला ९०० एमबी. रोज २ जीबीचा रिचार्ज असेल तर सव्वादोन तासांत संपला! ॲपमध्ये "एसडी" किंवा कमी दर्जाचं चित्र निवडलं की ते अर्ध्या एमबीपीएसच्या आसपास येतं, तासाला साधारण २२५ एमबी. एरवी तेच ठेवा, संशय आला तरच "एचडी" करा.

रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर होऊ द्या, त्याला इंटरनेट लागत नाही. २ एमबीपीएसला दिवसाला साधारण २२ जीबी भरतात. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डावर पाच-साडेपाच दिवस राहतात, मग जुनं पुसून नवीन चढतं. एच.२६५ पद्धत असलेला कॅमेरा जवळपास अर्ध्या जागेत भागवतो. एक लक्षात ठेवा, सिमचा रिचार्ज संपला तर रेकॉर्डिंग चालू राहतं, पण तुम्हाला काहीच दिसत नाही. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

घरच्या वायफायवर असाल तर राऊटरलाही छोटा यूपीएस लावा. कॅमेरा बॅटरीवर चालू आणि राऊटर बंद, असं असून उपयोग नाही.

खारं वारं आणि पाऊस

आयपी ६६ किंवा ६७ लिहिलेला कॅमेरा पाणी सोसतो. आपल्याकडे आधी खराब होतो तो केबलचा जोड. जोड डब्यात बंद करा. केबल डब्यात शिरण्याआधी तिला खाली लोंबता बाक द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टीलचेच घ्या. काच आठवड्याला गोड्या पाण्याने पुसा. मिठाचा थर आणि कोळ्याचं जाळं रात्री दिव्याच्या उजेडात पांढरं चमकतं आणि मागची होडी दिसतच नाही.

हलणारं पाणी, डुलणारी होडी, पाऊस, या सगळ्याला कॅमेरा "हालचाल" समजून मोबाईल वाजवतो. चार रात्री असं झालं की माणूस आवाज बंद करतो आणि पाचव्या रात्री चोर येतो. म्हणून "फक्त माणूस" हा पर्याय चालू करा, चित्रात आपल्या होडीभोवतीच चौकट आखा आणि वेळ रात्री १० ते पहाटे ५ ठेवा.

मोबाईल वाजला तर

एकट्याने धावू नका. आधी शेजाऱ्याला आणि राखणदाराला फोन करा, मग ११२ ला. चित्रफीत लगेच मोबाईलमध्ये उतरवून घ्या, कारण चोर कार्डासकट कॅमेराही नेऊ शकतो. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना ते आधीच बघून ठेवा, तक्रार देताना वेळेवरच सगळं ठरतं.

आणि शेवटचं. कॅमेरा आपल्या होडीकडे वळवा, शेजाऱ्याच्या दाराकडे नाही. बायका मासळी निवडतात, खलाशी आंघोळ करतात ती जागा चित्रात येता कामा नये. येत असेल तर कॅमेरा फिरवा किंवा ॲपमध्ये तेवढा भाग झाकून टाका. धक्क्यावर आपण सगळे एकमेकांच्या भरवशावर राहतो, तो भरवसा मशीनपेक्षा महाग आहे.

पाच-सहा होड्या शेजारी असतील तर मिळून एक चांगला कॅमेरा घ्या. खर्च वाटला जातो आणि बघणारे डोळेही वाढतात. खातं कोणाच्या नावावर आणि रिचार्ज कोण भरणार, हे आधी कागदावर लिहून सह्या करा. अडचण आली तर कॅमेऱ्याचा डबा आणि मोबाईल घेऊन कार्यालयात या, बसून बघू.

आपला,
सचिव